देवाच्या मडक्यातलं मीठ

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या आमच्या घराच्या आणि शेजारच्या कातिनाबाईंच्या घराच्या मध्ये लाकडी कुंपण होतं आणि त्यातली एक फळी वाऱ्याने उखडून गेली होती. ती परत ठोकणं बाबांना जमलं नाही ते नाहीच, आणि माझ्या कोवळ्या वयाचा सत्यानाश त्या भोकातून झाला असं मी आजही म्हणेन. शाळेतून येऊन मी दप्तर टाकते न टाकते तोच तिकडून हाक यायची, "रेवा, कम, कम, क्विक." आग लागल्यासारखी हाक. धावत जावं तर बाई ओट्याशी उभ्या, हातात लाकडी चमचा, आणि चमच्यात कधी पिवळ्या डाळीचा घट्ट गोळा, कधी टोमॅटोत शिजवलेली वांगी, कधी नुसतं लिंबू पिळलेलं पालेभाजीचं पाणी. मी चाखायचं आणि सांगायचं. मीठ हवं. लिंबू जास्त झालं. खाली लागलंय. पंधरा वर्षांच्या मुलीला जगात याहून बरं काही करायचं असू शकतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. माझा नेटबॉल, माझा फोन, माझ्या मैत्रिणी, सगळं त्या चमच्यापुढे थांबायचं.

कातिनाबाई ग्रीसच्या एका बेटावरून नवरी होऊन इथे आलेल्या. नवऱ्याचं फिश अँड चिप्सचं दुकान होतं. दोघांनी जन्मभर लोकांना मासे तळून घातले आणि घरी मात्र बेटावरचं जेवण जेवले. नवरा गेला, दुकान विकलं, बेट तेवढं राहिलं. त्या बेटाचं नाव घेत नसत, नुसतं 'द आयलंड' म्हणत, जणू पृथ्वीवर दुसरं बेट नाही आणि आपण सगळे उभे आहोत ते काही बेट नव्हे. मी त्यांना थिया म्हणायचे, त्यांच्याकडे मावशीला तसं म्हणतात. आईची हॉस्पिटलात नर्सची नोकरी, बाबांची फार्मसी संध्याकाळी उशिरा बंद व्हायची, त्यामुळे लहानपणापासून शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडेच असायचे. त्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओवर सदान्‌कदा कुणीतरी पाद्री गात असायचा, खिडकीची काच वाऱ्याने वाजत असायची, आणि ओव्हनमधून दालचिनीचा आणि करपलेल्या मधाचा वास यायचा. पुढे एक वर्ष असं आलं की तो वास त्यांना स्वतःलाच येईनासा झाला.

त्या वर्षी जो ताप सगळ्या जगाला येऊन गेला तो त्यांनाही आला. आठवडाभरात त्या उठल्या, कामाला लागल्या आणि माझ्यासाठी मधाचा केक केला. मी घास घेतला तो थेट बेसिनमध्ये थुंकला. साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. मी हसत मागे वळले, तर त्या हसत नव्हत्या. त्यांनी स्वतः केकचा मोठा तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग खुर्चीवर बसून म्हणाल्या, "मी आता जेवत नाही, रेवा. मी नुसती चावते." हे कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी मला त्यांच्या संतांच्या तसबिरीसमोर शपथ घातली. मी बाबांना 'मैत्रिणीच्या आजीचं' म्हणून विचारून पाहिलं. बाबा म्हणाले, कुणाची चव परत येते, कुणाची नाही येत. थियाची आली नाही. तेव्हापासून त्यांची जीभ म्हणजे मी.

आता एवढ्या लपवाछपवीचं कारण काय, असं कुणीही विचारेल. मीही वैतागून विचारलंच. कारण होतं दरवर्षीची जेवणावळ. त्या बेटावरची जी काही घरं वेलिंग्टनच्या आसपास पांगली होती ती बेटाच्या संताच्या सणाला एका हॉलमध्ये जमत आणि फक्त बेटावरचं जेवण रांधत. दुसऱ्या ग्रीक गावचा पदार्थसुद्धा तिथे चालत नसे. प्रत्येक पदार्थ एकेका घराचा. कुणाचं वाइनमध्ये शिजवलेलं मेंढीचं मटण, कुणाची तिळाची वडी लिंबाच्या पानावर थापलेली, कुणाचं ताजं चीज. आणि सगळ्यांत मानाचे ते मडक्यातले चणे. काबुली चणे भिजवून, कांदा, तमालपत्र, ऑलिव्ह तेल घालून मातीच्या मडक्यांत भरायचे, झाकणं कणकेने लिंपायची आणि संध्याकाळी मंद ओव्हनमध्ये ठेवलेली मडकी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतरच उघडायची. एकदा कणीक लावली की संपलं, मीठ कमी असो की जास्त. म्हणून मीठ घालणारी बाई ही त्या सणाची मालकीण. ती सांगेल तसं बाकीच्या नाचणार. कातिनाबाईंना तो मान सासूकडून आला होता.

सासूचा तो मान कसा गेला, हेही त्यांनी मला सांगितलं होतं. एका वर्षी म्हातारीचा हात चुकला, चणे खारट झाले. कुणी वाईट बोललं नाही. पुढच्या वर्षी तिच्यासाठी हॉलच्या दाराशी उशीवाली खुर्ची मांडली, हातात फुलं दिली, येणारे-जाणारे तिच्या गालाची पापी घेत. "त्या खुर्चीत ती बसली," थिया म्हणाल्या, "आणि नंतर घरीसुद्धा बसूनच राहिली. चमचा कधी हातात धरला नाही. वर्षभरात बोलायचीही थांबली." थियाची धाकटी जाऊ स्टेला मिठाच्या मानासाठी किती वर्षं वाट बघत होती, आणि थियाला त्या खुर्चीचं भय मरणापेक्षा जास्त होतं. हे सगळं मला समजत होतं. समजत होतं म्हणूनच चीड यायची, कारण एकदा समजलं की 'मला वेळ नाही' असं म्हणता येत नाही.

एवढं पुरे नव्हतं म्हणून की काय, त्या वर्षी चिंचवडहून नाना आले. नाना म्हणजे आईचे वडील. आजी गेल्यावर त्यांनी देवपूजेबरोबर स्वयंपाकही हातात घेतला होता आणि दोन्हींत नियमांचा असा जाच की आईने हात टेकले. सणाच्या दिवशी नैवेद्य दाखवेपर्यंत ओट्यावरच्या कशाचीही चव घ्यायची नाही. आई ड्यूटीवरून दमून आलेली, आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवत नाही, आणि नाना मागे उभे, "चाखू नकोस गं, उष्टं होईल." मग आमटी एकतर अळणी नाहीतर खारट, आणि वर नाना म्हणणार, तुझ्या आईचा हात बसलेला होता. आईची दातखीळ बसायची. आज आई त्यांचं नाव काढलं की डोळे पुसते, पण तेव्हा तिने कॅलेंडरवर त्यांच्या परतीच्या तारखेभोवती केलेला गोल मी पाहिलेला आहे.

पोरिरुआत नानांना करायला काही नव्हतं. बाहेर वारा टोपी उडवायचा, फिरायला जावं तर रस्त्यावर बोलायला माणूस नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीत ते दूध आणायला म्हणून जात आणि दुकानदाराला 'किया ओरा' असा इथला माओरी नमस्कार घालून तासभर पिडत. मग एक दिवस त्यांना कुंपणातली ती फळी दिसली. त्यानंतर मी शाळेतून यावं तर नाना थियाच्या टेबलाशी बसलेले, पुढे ताटात चणे पसरून खडे निवडताहेत. सुपरमार्केटच्या पाकिटातले स्वच्छ, गुळगुळीत चणे. खडा काही सापडत नव्हता, आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. थिया त्यांना 'मिस्टर नाना' म्हणायच्या, ते त्यांना 'कातिनाबाई'. एक बेटाबद्दल बोलायची, दुसरे गावाबद्दल, दोघंही एकमेकांचं ऐकत नसत, आणि दोघांचंही उत्तम जमलं. अर्थातच नानांनी सणाच्या स्वयंपाकाला यायचं ठरवलं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची त्यांना जन्मजात हौस.

शनिवारी दुपारी माझी मॅच होती. ती सोडून मी हॉलच्या स्वयंपाकघरात उभी होते. भिंतीशी मोठे ओव्हन, मधे लांबलचक टेबलं, बायकांचा कलकलाट, वाऱ्याने आपटणारं मागचं दार. नानांनी मटणाच्या आणि चण्यांच्या मधे एक आडवं टेबल ओढून स्वतःची सीमा आखून घेतली होती. आमचा बेत साधा होता. चणे मोठ्या पातेल्यात कांद्या-तेलाशी ढवळून झाले की मी सहज जवळ जायचं, बोट बुडवायचं, आणि डोळ्यांनी सांगायचं. तोवर थिया मिठाला हात लावणार नव्हत्या. घरी आम्ही हे कितीदा केलं होतं.

तेवढ्यात नानांनी विचारलं, "कातिनाबाई, उद्या पहिलं कोण जेवणार?"

"आधी प्रीस्ट येतो, मिस्टर नाना. मडक्याला आशीर्वाद देतो. त्याआधी कुणी नाही."

नानांचा चेहरा उजळला. इतक्या लांब, परक्यांच्या देशात, तिसऱ्याच परक्यांच्या स्वयंपाकघरात त्यांना ओळखीचं माणूस भेटलं होतं. "म्हणजे नैवेद्य," ते मला म्हणाले, आणि सगळ्यांकडे वळून त्यांच्या खणखणीत इंग्रजीत जाहीर केलं की हे अन्न देवाचं आहे, तेव्हा देवाच्या आधी कुणीही त्याची चव घेणार नाही, चमच्याने नाही आणि बोटानेही नाही. मला वाटलं बायका हसतील. त्या हसल्या नाहीत. एकदोघींनी छातीवर क्रूस केला. आणि स्टेला हात पुसत म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. आणि कातिनाला चाखायची गरज कुठे आहे? इतकी वर्षं घालते आहे." तिच्या आवाजात गोडवा होता, पण नजर थियावर होती.

थियाला त्या वेळी 'नाही' म्हणता आलं असतं. पण मान ही गोष्टच अशी आहे. त्यांनी हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, "अर्थात. मला काय गरज?"

मी कपाळावर हात मारून घेतला. माझी मॅच गेली होती, चण्यांचं पातेलं अळणी उभं होतं, आणि ज्या दोन म्हाताऱ्यांसाठी मी तिथे होते त्या दोघांनी मिळून माझे हात बांधून ठेवले होते. मी तरी चमचा घेऊन पातेल्याकडे सरकले. नानांनी मनगट धरलं.

"रेवा, उष्टं करशील."

"नाना, इट्स जस्ट अ टेस्ट. प्लीज."

"देवाचं आहे ते."

थिया मिठाची बरणी हातात धरून उभ्या होत्या. झाकण त्या उघडत नव्हत्या आणि ते स्टेलालाही दिसत असणार. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की या अख्ख्या खोलीत एक भाषा अशी आहे जी फक्त दोघांना येते. आमच्या घरात मोठे मराठीत विचारत आणि मी इंग्रजीत उत्तर देत असे, असंच चालायचं. मराठी मला समजायची सगळी, पण बोलायला तोंड उघडलं की शब्द अडखळत, नाना हसत, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. त्या दुपारी मी बोलले, आणि शपथही मोडली. "नाना, ऐका. थियाला चव कळत नाही. वास पण नाही येत. तो ताप आला ना, तेव्हापासून. मीठ किती ते मी सांगते. रोज. आत्ता चुकलं तर हे लोक तिला त्या खुर्चीत बसवणार, आणि मग ती मरून जाईल." सगळं मोठ्याने, भर गर्दीत, आणि कुणाला एक अक्षर कळलं नाही.

नानांनी माझं मनगट सोडलं. त्यांनी थियाकडे पाहिलं. आजी गेल्यावर पहिले कित्येक महिने त्यांनाही जेवणात काही लागत नसे, हे मला आईने पुष्कळ नंतर सांगितलं. मग त्यांनी एक लहान मडकं ओढलं, पातेल्यातले चणे ओगराळ्याने त्यात भरले, झाकण ठेवून भराभर कणीक लिंपली आणि ते बाजूला ठेवलं. "हे देवाचं," ते बायकांना म्हणाले. "आता बाकीचं माणसांचं. आणि आमच्यात अशी पद्धत आहे की घरातल्या कुमारिकेने आधी चाखायचं. ती देवीच. देवीने चाखलेलं उष्टं होत नाही." अशी पद्धत आमच्यात नाही. कुणाच्यातच नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या अंगावर नियम घालत आलेल्या माणसाने उभ्या उभ्या एक नियम रचला, आणि स्वतःच्याच थापेवर विश्वास नाही म्हणून देवाचं आधीच वेगळं काढून ठेवलं.

मग सगळ्यांसमोर, राजरोस, मी चाखलं. थियाने मूठभर मीठ घातलं, मी चाखलं. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा मी मान हलवली आणि त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. देवी म्हणून स्टेलाने माझ्या हाताला हात लावून घेतला, तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

रविवारी आई-बाबाही आले. प्रार्थना झाली, काळ्या झग्यातला पाद्री धूप फिरवत आला, आणि मधल्या टेबलावर ठेवलेल्या त्या लहान मडक्याला त्याने आशीर्वाद दिला. तिथली रीत अशी की मालकिणीने कणीक फोडायची, पहिला चमचा स्वतः खायचा, 'छान झालंय' म्हणायचं, आणि मग पंगत सुरू. थियाने कणीक फोडली. वाफ आली. त्यांनी चमचा भरला, तोंडात घातला आणि मान वर केली. समोर नाना उभे होते. नानांचा रंग उडाला होता, तोंड उघडं पडलं होतं, मला वाटलं त्यांना चक्कर येते आहे. मी त्यांना धरायला पुढे झाले.

थियाने घास गिळला. चमचा खाली ठेवला. आणि शांतपणे म्हणाल्या, "यात मीठ नाही."

मग स्टेला पुढे झाली, त्याच मडक्यातून चमचा भरून खाल्ला, आणि म्हणाली, "नाही. एक कणसुद्धा नाही." आणि मला समजलं. नानांनी देवाचं मडकं भरलं ते मिठाच्या आधी. उष्टं होऊ नये या घाईत संताला अळणी चणे वाढले होते. नानांनी हात जोडले. "माय मिस्टेक," ते म्हणाले. "हे मडकं मी भरलं. बाईंचा काही दोष नाही." एका बाजूने हसू फुटलं, ते हॉलभर गेलं, पाद्रीही हसला, बाकीची मडकी उघडली, आणि त्यांतले चणे चोख होते. दिवसभर लोक येऊन थियाचा हात हातात घेत आणि म्हणत, काय जीभ आहे, एका घासात ओळखलं. दाराशी खुर्ची मांडली गेली नाही. गाडीत आईने विचारलं, "नाना, कुमारिकेने चाखायचं, असं कुठे असतं हो?" नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता असतं."

सोमवारी शाळेतून आले तेव्हा हाक आली नाही, मीच कुंपणातून गेले. मला राहवत नव्हतं. "थिया, चव परत आली? कशी कळली?"

त्या चणेच गरम करत होत्या. "काही परत आलं नाही. तोंडात माती घातली असती तरी तेच." त्यांनी गॅस बारीक केला. "मी वर बघितलं तर मिस्टर नाना समोर. त्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. मीठच विसरला असणार, दुसरं काय विसरेल माणूस?"

"आणि ते तिथे उभे नसते तर?"

"तर मी 'छान झालंय' म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि स्टेलाने दुसरा चमचा खाल्ला असता."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. मी म्हटलं, नाना पुढच्या वर्षी इथे नसतील, मग काय करणार, हे असं किती वर्षं चालणार, मला माझं काही आयुष्य आहे की नाही. सगळं एका दमात. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या कपाळावरच्या आठ्यांवर अंगठा फिरवत म्हणाल्या, "समोर तू उभी राहा. तुला खोटं हसू येत नाही. चिडतेस तेव्हा सगळं दिसतं. मला तेवढं पुरतं."

नाना परत गेले. त्यानंतर दरवर्षी मी त्या टेबलासमोर उभी राहिले. ख्राइस्टचर्चला शिकायला गेले तेव्हाही विमानाने येऊन, दर वेळी मनात चरफडत, मधल्या टेबलावर जाणाऱ्या मडक्यातले चणे आदल्या दिवशी कणीक लावायच्या आधी चोरून चाखून. आता माझेही केस पांढरे झाले आहेत, माझ्या घरात नैवेद्याआधी कुणी मीठ चाखलं तर मी ओरडत नाही, पण तो सण आठवला की कपाळाला आठी पडतेच. शेवटच्या वर्षी थियाच्या हाताला चमचा उचलवत नव्हता. खुर्ची तेव्हाही दाराशी नव्हती, मधल्या टेबलाशी होती. स्टेलाने मडक्याची कणीक फोडली, चमचा भरला, त्यावर फुंकर घातली आणि तो थियाच्या तोंडाशी नेला. थियाने घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. चमचा तसाच हातात धरून स्टेलानेही माझ्याच तोंडाकडे पाहिलं, आणि दोघी वाट बघत राहिल्या.